फास्ट चिप वेगळी आणि वेळेवर उत्तर देणारी चिप वेगळी

कागलकडनं कोल्हापूरला येताना हायवेवर गाडी ताशी 72 किमीनं पळत असली तर ती सेकंदाला 20 मीटर जाते, म्हणजे 100 मिलिसेकंद उशीर झाला की 2 मीटर रस्ता गेला. रात्री पुढं रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असेल तर हे 2 मीटर लई मोठे असतात.

आता कॅमेरा बघून आपोआप ब्रेक मारणाऱ्या गाड्या आल्यात. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेम (फोटो) देत असेल तर एका फ्रेमला साधारण 33 मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात कोट्यवधी गुणाकार-बेरजा उरकायच्या असतात, साध्या प्रोसेसरला ते झेपत नाही म्हणून फक्त त्याच कामासाठी वेगळं सर्किट बनवतात, तेच हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटर.

पण खरी अडचण स्पीडची नाहीच. समजा चिप एरवी 20 मिलिसेकंदात उत्तर देते पण कधीतरी 90 लागतात. मोबाईलमध्ये कुणाला कळणारपण नाही, ब्रेकमध्ये मात्र ती चिप नापास. हे 90 येतात कुठनं? बाहेरची मेमरी एकच असते, तिच्यावर नकाशा, स्क्रीन, गाणी सगळेच तुटून पडतात, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) डेटा सापडला नाही की थांबा, मेमरी रिफ्रेश होत असली (म्हणजे आतला डेटा पुसू नये म्हणून पुन्हा भरला जात असला) तरी थांबा. म्हणून चांगला डिझायनर लागणारा डेटा शक्यतो चिपच्या आतल्याच मेमरीत ठेवतो आणि गणिताचा क्रम आधीच पक्का करतो, म्हणजे फ्रेममध्ये काहीही असो, क्लॉक सायकल (चिपचे ठोके) दरवेळी तेवढ्याच. टेस्लानं 2019 मध्ये दाखवलेल्या चिपमध्ये दोन न्यूरल प्रोसेसर (कॅमेऱ्याचं चित्र ओळखायचं गणित करणारी अशीच खास सर्किटं) होते आणि प्रत्येकाला आतच 32 एमबी मेमरी दिलेली. सरासरी वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण सगळ्यात वाईट वेळ किती ते छातीठोक सांगता आलं पाहिजे, माझं तरी हेच मत आहे.

दुसरं म्हणजे उत्तर वेळेवर आलं पण चुकीचं आलं तर? अंतराळातल्या किरणांमुळं तयार झालेला एखादा न्यूट्रॉन मेमरीतला 0 चा 1 करू शकतो, हे खरंच घडतं. त्यासाठी मेमरीत चूक पकडणारे जादा बिट ठेवतात. ब्रेकचा शेवटचा निर्णय घेणारे दोन कोर (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) तेच गणित एक-दोन सायकल मागंपुढं करतात आणि उत्तरं जुळली नाहीत की सिस्टिम सेफ मोडमध्ये जाते. अख्खा अ‍ॅक्सिलरेटर असा डबल करणं महागात पडतं, मग त्याला अधनंमधनं उत्तर माहीत असलेलं गणित घालून तपासतात. गाड्यांसाठी आयएसओ 26262 हे स्टँडर्ड 2011 मध्ये आलं, त्यात धोक्याप्रमाणं ए ते डी अशा पायऱ्या आहेत, डी सगळ्यात कडक.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतनं गाड्यांचे पार्ट जातात, तसं हे चिप डिझाइनचं कामही आपल्या पोरांनी करावं असं मनापासून वाटतं. इंजिनिअरिंगला एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणाऱ्या चिपवर) प्रोजेक्ट करत असाल तर रिपोर्टात नुसता सरासरी स्पीड लिहू नका, सगळ्यात जास्त लागलेला वेळ पण लिहा. आणि हजार वेळा रन करून मोजलेला आकडा म्हणजे गॅरंटी नव्हे, हजार एकाव्या वेळी तो मोडू शकतो, त्यामुळं डिझाइन बघून सायकल मोजून ती मर्यादा सिद्ध करायला शिका.