माल कधी मिळेल? कारखान्याच्या सॉफ्टवेअरमागचा इतिहास

उत्पादन आणि ग्राहकसेवा दोन्ही सुधारायला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की डेमो सुरू होतात. प्रत्येक विक्रेत्याच्या यादीत प्लॅनिंग, स्टोअर, पर्चेस, सर्व्हिस ही सगळी मोड्यूल्स असतात, त्यामुळे याद्या शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. कोणतं मोड्यूल कोणत्या काळात आणि कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आलं हे पाहिलं तर फरक दिसायला लागतो. त्या काळची गृहीतकं अजूनही आत तशीच बसलेली आहेत. स्क्रीन नवी असते, मोबाइलवर चालते, पण मागचा हिशेब बऱ्याचदा १९६० च्या दशकातला असतो.

त्याआधीची पद्धत कार्डांची होती. १९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी मागवण्याचा खर्च आणि साठवण्याचा खर्च यांचा मेळ घालून एका वेळी किती नग मागवावेत याचं सूत्र मांडलं. १९३४ मध्ये आर. एच. विल्सन यांनी साठा किती खाली आला की मागवायचं, याचं गणित त्याला जोडलं. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, त्यावर एक पातळी. ती ओलांडली की पर्चेसला चिठ्ठी. नट-बोल्ट, तेल, वेल्डिंग रॉड यांना ही पद्धत आजही चालते. पंपात बसणाऱ्या बेअरिंगला ती चालत नाही, कारण त्याचा खप रोज थोडा थोडा होत नाही. दोन महिने शून्य, मग पंपांची लॉट लागली की एकदम २००. शिवाय एका पंपाला दहा भाग लागत असतील आणि प्रत्येक भाग हाताशी असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर दहाही भाग एकाच वेळी असण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के भरते. स्टोअर भरलेलं आणि तरी असेंब्ली एका सीलसाठी अडलेली, हे दृश्य तिथून येतं.

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक हे डिस्कवर माहिती ठेवणारं यंत्र आणलं. ५० तबकड्या, त्यांवर मिळून ५० लाख अक्षरं. आज हसू येईल असा आकडा, पण टेपवर सुरुवातीपासून वाचत जावं लागे, तर डिस्कवर हव्या त्या नोंदीवर थेट जाता येई. बीओएमचा (बिल ऑफ मटेरियल, एका वस्तूला लागणाऱ्या भागांची यादी) हिशेब, म्हणजे पंपातून उपभाग, उपभागातून कच्चा माल असं उतरत जाणं, अशा डिस्कमुळे व्यवहारात आला. १९६४ मध्ये जोसेफ ऑर्लिकी यांनी यावर एमआरपीची (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे कोणता भाग कधी आणि किती लागेल हे मोजण्याची) पद्धत उभी केली; ब्लॅक अँड डेकर ही ती वापरणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी. ऑर्लिकींचा मुद्दा साधा होता: ग्राहक पंप मागतो, बेअरिंग मागत नाही. पंपाच्या मागणीचा अंदाज करावा लागतो, बेअरिंगची मागणी त्यावरून मोजता येते.

हिशेब असा. आठव्या आठवड्यात १०० पंप द्यायचे आहेत, एका पंपाला २ बेअरिंग, असेंब्लीला एक आठवडा. म्हणजे सातव्या आठवड्यात २०० बेअरिंग हवीत. स्टॉक ६०, पाचव्या आठवड्यात येणारी आधीची ऑर्डर ४०, उरली १००. पुरवठादार ५० च्या पटीत देतो, त्याला तीन आठवडे लागतात. तेव्हा चौथ्या आठवड्यात दोन लॉटची ऑर्डर टाकायची. हजारो भागांसाठी हेच करायचं, एवढंच एमआरपी. आणि यात कारखान्याला नडणारी तीन गृहीतकं आहेत: लीड टाइम, म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, ठरलेला असतो, मशीनची क्षमता अमर्याद असते, आणि कॉम्प्युटरमधला साठा खरा असतो.

लीड टाइमने सगळ्यात जास्त त्रास दिला आहे. भागाच्या तीन आठवड्यांपैकी प्रत्यक्ष मशीनवर जाणारा वेळ काही तासांचा, बाकीचा रांगेत पडून राहण्याचा. काम वाढलं की रांग वाढते, माल उशिरा निघतो. प्लॅनर म्हणतो, मास्टरमध्ये, म्हणजे भागाच्या मूळ नोंदीत, तीनऐवजी पाच आठवडे घालू. तसं केलं की सिस्टिम दोन आठवड्यांची जास्तीची जॉब कार्डं (कामाच्या चिठ्ठ्या) आजच सोडते, रांग आणखी लांबते, आणि पाचही अपुरे पडू लागतात. यात सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, ते दिलेला आकडा इमानाने पाळत असतं.

साठ्याची चूक बहुधा एककांतून शिरते. ५० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोल बार मीटरला सुमारे १५.४ किलो भरतो. खरेदी किलोत, वापर नगात. भाग २१५ मिलिमीटरचा, करवतीचा काप ३. तीन मीटरच्या बारमधून १३ तुकडे निघतात आणि १६६ मिलिमीटरचा तुकडा भंगारात जातो. बीओएममध्ये ड्रॉइंगवरची निव्वळ लांबी धरली असेल तर सिस्टिम १३ तुकड्यांना सुमारे ४३ किलो वजा करते. प्रत्यक्षात ४६ किलोंचा बार संपलेला असतो. शंभर बारनंतर कॉम्प्युटरमध्ये ३०० किलोंहून जास्त स्टील आहे, रॅकवर नाही. मग स्टोअरवाला स्वतःची वही सुरू करतो आणि प्लॅनर एक्सेल उघडतो. स्वाभाविकच आहे; खोट्या आकड्यावर कोण काम करणार?

ऑलिव्हर वाइट यांनी या चुकांचा पाठपुरावा केला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एपिक्स या संघटनेने एमआरपीचा जोरदार प्रसार केला, त्यातले ते प्रमुख. साठ्याच्या नोंदी निदान ९५ टक्के आणि बीओएम ९८ टक्के बरोबर असल्याशिवाय या पद्धतीकडून अपेक्षा ठेवू नये, असा त्यांच्या परंपरेतला दंडक आहे. त्यांनीच क्षमता आणि पैसा हिशेबात आणून एमआरपी टू ही पुढची पायरी मांडली. पण तिथेही एक मेख राहिली. एखाद्या मशीनवर ४० तासांच्या आठवड्यात ६५ तासांचं काम आलंय हे सिस्टिम दाखवते. त्यातलं काय पुढे ढकलायचं हे सांगत नाही. ते सांगणारं, मर्यादित क्षमता धरून वेळापत्रक लावणारं सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेने आलं आणि आजही अनेक पॅकेजांत ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

दरम्यान जपानमध्ये टोयोटाने ताइइची ओनो यांच्या पुढाकाराने कानबान कार्डांवर (भाग वापरला गेला की तेवढाच पुन्हा मागवणारी कार्डं) काम चालवलं, जवळजवळ कॉम्प्युटरशिवाय. तेच ते भाग रोज लागत असतील तिथे ती पद्धत एमआरपीपेक्षा सरस ठरते. ऑर्डरप्रमाणे बदलणाऱ्या मालाला नाही.

पुढचा टप्पा भरभर झाला. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत एसएपी सुरू केली, १९९२ मध्ये त्यांचं आर थ्री हे पॅकेज आलं. १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार कंपनीने या सगळ्या प्रकाराला ईआरपी (एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग) हे नाव दिलं. सन २००० लागताच जुन्या सॉफ्टवेअरमधल्या तारखा चुकतील अशी भीती आली आणि अनेक कंपन्यांनी जुनं टाकून घाईघाईने नवं घेतलं.

ग्राहकाची बाजू मात्र वेगळ्या घरात वाढत होती. सीबेल ही कंपनी १९९३ ची, सेल्सफोर्स १९९९ ची. ही सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या डायरीतून आणि कॉल सेंटरमधून जन्मली. बीओएम, रूटिंग (भाग कोणत्या मशीनवरून कोणत्या क्रमाने जातो), लॉट यांची त्यांना गरजच नव्हती. दोन्ही घरं एकमेकांना घाईने जोडली की काय होतं ते हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये दाखवलं. एसएपी, सीबेल आणि मनुजिस्टिक्स हे पुरवठ्याच्या नियोजनाचं सॉफ्टवेअर एकत्र, सुमारे ११.२ कोटी डॉलरचा प्रकल्प, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलेलं, आणि सुरुवात जुलैत, म्हणजे हॅलोविन या सणाच्या ऑर्डरींच्या तोंडावर. कारखान्यात माल होता, दुकानदारांच्या ऑर्डरी होत्या, तरी सुमारे १० कोटी डॉलरचा माल वेळेत पोचला नाही. गर्दीच्या हंगामाआधी गो-लाइव्ह करू नये, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करू नये, हा नियम त्यानंतर सल्लागारांच्या तोंडी बसला. आजही तो मोडला जातोच.

ही दोन घरं एका ठिकाणी खरोखर भेटतात: ग्राहकाला दिलेल्या तारखेत. साठा ३०, तिसऱ्या आठवड्यात १०० तयार होणार, पहिल्या दोन आठवड्यांसाठी २० आधीच कबूल, त्यापुढे ७०. तर आज नव्या ग्राहकाला १० देता येतात आणि तिसऱ्या आठवड्यात आणखी ३०. सेल्सच्या माणसाला फोनवर असताना हा आकडा दिसत नसेल तर तो अंदाजाने तारीख देतो, आणि मग दिवसभर फॉलोअप.

विक्रीनंतरची सेवा हे याहून अवघड प्रकरण आहे, आणि निवड करताना सगळ्यात कमी पाहिलं जाणारं. आठ वर्षांपूर्वी विकलेल्या पंपाचं सील मागायला फोन येतो. मधल्या काळात डिझाइन दोनदा बदललं आहे. सिस्टिममध्ये फक्त आजची बीओएम असेल तर चुकीचं सील जातं. अनुक्रमांकाला जोडलेली, त्या दिवशी प्रत्यक्ष बसवलेल्या भागांची यादी जपली असेल तरच बरोबर जातं. शिवाय सुटं सील ही ग्राहकाची थेट मागणी. तेच सील नव्या पंपाला लागतं तेव्हा ती मोजून काढलेली मागणी. एकाच भागावर दोन्ही येतात. स्पेअरचा अंदाज वेगळा धरण्याची सोय नसली की सर्व्हिसवाले असेंब्लीसाठी आलेले सील उचलतात आणि पुढच्या आठवड्यात असेंब्ली थांबते.

शॉप फ्लोअरची नोंद एमईएसकडे (मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम, मशीनवरच्या कामाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) गेली. ईआरपी दिवस आणि आठवड्यांत विचार करते, मशीन मिनिटांत. २००० पासून आलेल्या आयएसए-९५ या मानकाने कोणती माहिती कोणत्या पातळीवर राहावी हे आखून दिलं. छोट्या कारखान्यात वेगळी एमईएस लागतेच असं नाही. पण ऑपरेशन संपल्याची नोंद शिफ्टच्या शेवटी एकदम होते की जागेवर होते, यावर वर सांगितलेल्या तारखेचा खरेपणा अवलंबून असतो. संध्याकाळी भरलेल्या नोंदींवर सकाळच्या फोनला उत्तर देता येत नाही.

म्हणून डेमोला विक्रेत्याचा सायकलीचा किंवा टेबलाचा नमुना डेटा पाहण्यात अर्थ नसतो. आपला एक गुंतागुंतीचा भाग द्यावा: तीन-चार पातळ्यांची बीओएम, किलोत खरेदी आणि नगात वापर, एक ऑपरेशन बाहेरच्या जॉब वर्कवाल्याकडे, पाच टक्के रिजेक्शन. मग विचारावं: या ऑर्डरची तारीख काय? एक मशीन दोन दिवस बंद धरून पुन्हा विचारावं. तारीख हलली नाही तर आत अमर्याद क्षमतेचा जुना हिशेब आहे. मग एक डिझाइन बदल टाकून जुन्या अनुक्रमांकाचे भाग मागावेत. रिजेक्ट झालेला नग पुन्हा दुरुस्त करून त्याच जॉब कार्डावर घेता येतो का, हेही तिथेच करून पाहावं. बहुतेक कस्टमायझेशनची बिलं नेमकी इथे सुरू होतात, आणि असं प्रत्येक कस्टमायझेशन पुढच्या अपग्रेडला नव्याने तपासावं लागतं.