व्यावसायिक कुस्तीवरील गुन्हेगारी कॉमिक्स

व्यावसायिक कुस्तीच्या धंद्यातले मल्ल, प्रवर्तक, दलाल आणि सावकार यांच्याभोवती रचलेल्या गुन्हेकथांचा चित्रकथाप्रकार. इथे व्यावसायिक कुस्ती म्हणजे लाल मातीतली किंवा गादीवरची निकाली कुस्ती नव्हे. निकाल आधी ठरवून दोरांच्या रिंगणात खेळली जाणारी, आपल्याकडे घरोघरी अजूनही ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ याच जुन्या नावाने ओळखली जाणारी ही कुस्ती. मराठीत अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणतात. राजकारणाच्या बातम्यांनी हा शब्द शिवीसारखा वापरून झिजवला, पण त्यामागचे कष्ट त्यात उतरत नाहीत. निकाल ठरलेला असतो. मान मोडली तर ती खरीच मोडते.

धंद्यातल्या सगळ्यांनी मिळून हे गुपित सांभाळायचे, या रीतीला अमेरिकेतल्या जत्रांच्या बोलीत ‘केफेब’ म्हणतात. सज्जन मल्ल तो ‘फेस’, खलनायक तो ‘हील’. गुपित फुटू नये म्हणून हे दोघे एकेकाळी एका गाडीतून प्रवासही करत नसत. 1989 मध्ये वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने खेळांवरचे नियम आणि कर टाळण्यासाठी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकले, की ही करमणूक आहे. त्याआधी मात्र तोंड उघडणे म्हणजे पोटावर पाय. गुन्हेकथेला असाच समाज लागतो. एकमेकांची गुपिते जाणणारे आणि पोलिसांकडे जाण्याची सोय नसलेले लोक त्यात आयतेच सापडतात.

चित्रकथेला आणखी एक गोष्ट साधते. रिंगणातले रक्त पुष्कळदा मल्लाने स्वतःच काढलेले असते. मनगटाच्या पट्टीत दडवलेला ब्लेडचा इवलासा तुकडा काढायचा आणि दोन्ही हातांनी डोके धरून कळवळल्याचा आव आणत कपाळावर ओढायचा. मैदानात दूर बसलेल्या प्रेक्षकाला तो तुकडा दिसत नाही. चित्रकार मात्र अख्खी चौकट त्यावरच खर्च करू शकतो: दोन बोटे, चमकणारी धार आणि कपाळावरचे जुने आडवे व्रण. वाचक एका क्षणात गुपितात सामील होतो.

या प्रकाराची मुळे मेक्सिको आणि जपानमध्ये सापडतात. 1952 मध्ये होसे क्रूझ यांनी ‘सांतो’ या खऱ्याखुऱ्या मुखवटाधारी मल्लाला नायक करून छायाचित्रे आणि रेखाटने जोडलेली मालिका सुरू केली. तीत तो दुष्टांशी लढे. 1984 मध्ये सांतोचे दफन त्या रुपेरी मुखवट्यासकट झाले. जपानमधली इक्की काजिवारा आणि नाओकी त्सुजी यांची ‘टायगर मास्क’ (1968–71) अधिक महत्त्वाची. अनाथ नाओतो दाते खलमल्ल घडवणाऱ्या एका गुप्त टोळीत तयार होतो. कमाईचा अर्धा वाटा टोळीला द्यायचा, हा करार. तो पैसा नाओतो अनाथाश्रमाला देतो आणि टोळी त्याच्यावर मारेकरी मल्ल सोडते. या कथेचा ठसा एवढा खोल, की डिसेंबर 2010 मध्ये जपानमधल्या एका बालकल्याण केंद्राबाहेर कुणीतरी शाळेची दप्तरे ठेवून गेले, तेव्हा देणाऱ्याचे नाव लिहिले होते नाओतो दाते. अमेरिकेत 2015 पासून निघालेली जो कीटिंग आणि निक बार्बर यांची ‘रिंगसाइड’ थेट गुन्हेकथा आहे. तिच्यातला निवृत्त मल्ल हरवलेल्या जुन्या मित्राला शोधत परत येतो, आणि खरी मारामारी रिंगणाबाहेर होते.

गुन्हेगारी कॉमिक्सवर सरकारांचा राग जुना आहे. अमेरिकेत त्याच्या धाकाने प्रकाशकांनी स्वतःच 1954 मध्ये कॉमिक्स संहिता केली, आणि तिने मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द एकटा छापायलाही मनाई केली. भारतात 1956 मध्ये गुन्हे आणि क्रौर्य दाखवून मुलांना बिघडवणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला, त्यात चित्रांतून सांगितलेल्या कथांचा स्पष्ट उल्लेख आहे. तरी इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ मराठीत घरोघरी पोहोचला आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर डाकूंविरुद्ध उभा राहिला. राज कॉमिक्सचा हिंदी ‘डोगा’ या प्रकाराला सर्वांत जवळचा: व्यायामशाळेत घडलेला, कुत्र्याचा मुखवटा घालणारा आणि मुंबईच्या गुंडांना थेट संपवणारा.

ठाणे आणि नवी मुंबईत नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांनी हे जग भाड्याच्या कॉमिक्समधून, रद्दीच्या दुकानांतून आणि खेळायच्या पत्त्यांतून गोळा केले. त्या पत्त्यांवर मल्लाची उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या कुस्त्या छापलेल्या असत. कोपरखैरणे, घणसोली भागातल्या माथाडी वसाहतींत त्याच वेळी दुसरी कुस्तीही होती. सातारा, सांगलीकडून आलेली कुटुंबे गावची यात्रा चुकवत नसत. तिथे रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होई आणि दिवेलागणीला मोठी जोड लागे.

या दोन्ही कुस्त्या पाहत वाढलेल्या वाचकाला अमेरिकी मल्लाची खरी अडचण चटकन कळते. तिथला मल्ल कागदोपत्री कंपनीचा नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. 1986 मध्ये मल्ल जेसी व्हेंचुरा यांनी मल्लांची संघटना बांधायचा प्रयत्न केला, तो फसला. गुडघा गेला की उत्पन्न गेले. मग वेदनाशामक गोळ्या, कर्ज आणि शेवटी कुणाची तरी वसुली. या कॉमिक्समधले कितीतरी गुन्हे इथूनच सुरू होतात. आपल्याकडे ओझी वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर 1969 चा माथाडी कायदा झाला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आला. मराठी सिनेमा-मालिकांनी पैलवानाला सर्रास पुढाऱ्याचा गुंड करून टाकले, हा त्याच्यावर अन्याय आहे. या प्रकारातल्या चांगल्या कथा त्याला शरीर विकून जगणारा कामगार म्हणून पाहतात.

असा कामगार काढायला चित्रकाराला परदेशी संदर्भचित्रे लागत नाहीत. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे उभे राहावे. गोणी पाठीवर येते, मान पुढे वाकते, एका हातात लोखंडी आकडा असतो. पिवळ्या दिव्याखाली एखादा माणूस जवळून जातो आणि त्याचा तालमीत मोडलेला, गोळा झालेला कान दिसतो.