भाजायचं कणीस, उकडायचं कणीस

पावसाळ्यात रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर कणसाच्या गाडीपुढं उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "ताई, गावठी देऊ का अमेरिकन?" भट्टीवाल्याला त्यातला फरक पक्का ठाऊक असतो. घरी मात्र हा फरक आपण विसरतो. मग गावठी कणीस दोन शिट्ट्यांत उतरवलं जातं आणि चामट लागतं, स्वीटकॉर्न गॅसच्या जाळावर ठेवलं जातं आणि वरून काळं पडून आत पाणचट राहतं. ही दोन कणसं वेगळी का वागतात, ते कळायचं तर थोडं मागं जावं लागेल.

तसं पाहिलं तर गावठी कणीसही मूळचं अमेरिका खंडातलंच. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून मका घडवला. त्या गवताच्या कणसात पाच ते बारा दाणे असतात, तेही टणक कवचात. चांगलं बी राखून पुन्हा पेरायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं तेव्हा आजचं भरलेलं कणीस तयार झालं. १४९२ नंतर मका युरोपात गेला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० मध्ये. कर्नाटकात सोमनाथपूरच्या १२६८ सालच्या होयसळ मंदिरातल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे, असा दावा १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढं आला होता, पण तो फारसा मान्य झाला नाही.

नवं पीक आलं की लोक त्याला ओळखीचं नाव देतात. कानडीत मक्याला मुसुकिन जोळ म्हणतात, म्हणजे पदर घेतलेली ज्वारी. आपल्याकडंही ज्वारी-बाजरीचा 'कणीस' हाच शब्द मक्याला लागला. ज्वारीचं कणीस उघडं असतं, हे मात्र पाल्यात गुंडाळलेलं.

मला सगळ्यात जास्त भावते ती चटणी-लिंबाची जोडी. मिरचीही त्याच मेक्सिकोच्या बाजूची आणि तीही पोर्तुगीजांच्याच काळात इकडं आली. लिंबाचं कूळ आशियातलं, ते इकडून तिकडं गेलं. आज मेक्सिकोतही रस्त्यावर कणसाला तिखट लावून वर लिंबू पिळतात. म्हणजे रंकाळ्याच्या कठड्यावर बसून आपण खातो तीच चव समुद्रापलीकडंही जमून आली आहे.

कोल्हापुरात मक्याला हक्काची जागा मिळाली ती जनावरांमुळं. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, पुढं पाणी आलं, ऊस वाढला आणि घरोघरी म्हशी होत्याच. उसाच्या सरीच्या कडेनं, पाटाच्या बाजूनं मका टोकायचा तो मुळात वैरणीसाठी. त्यातलीच चार कणसं दाणा दुधात असताना मोडून पोरांसाठी घरी यायची आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजली जायची. मक्यावर संशोधनही इथंच चाललं. देशातला अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला, १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण आले, आणि या प्रकल्पाचं एक केंद्र कोल्हापुरात आहे. हे सगळं काम मुख्यतः दाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी होतं. खायच्या कोवळ्या कणसाचा विचार बराच नंतर झाला.

गोड मका हा एका जनुकातल्या बदलाचा परिणाम आहे. साध्या मक्यात साखरेचं पिठात रूपांतर भराभर होतं, गोड मक्यात ते अडतं. तरीही जुन्या गोड वाणांची साखर तोडणीनंतर झपाट्यानं उतरायची. ३० अंशांच्या उष्म्यात एका दिवसात निम्मी कमी. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी वेगळ्या जनुकाचा अतिगोड मका पुढं आणला. त्यात साखर जास्त असते आणि टिकतेही जास्त, म्हणून तो ट्रकनं लांबच्या बाजारात पाठवता येऊ लागला. भारतात हैदराबादला तयार झालेला 'माधुरी' हा गोड वाण १९९० चा. त्यानंतर खासगी कंपन्यांचं बियाणं आलं आणि 'अमेरिकन' कणसं बारमाही मिळायला लागली. अशा कणसाचा दाणा वाळवला की सुरकुततो, कारण आत पीठ कमी असतं. गावठीचा दाणा वाळल्यावरही टच्च भरलेला राहतो.

स्वयंपाकघरातला सगळा फरक या पिठातच आहे. गावठीचा दाणा निखाऱ्यावर भाजला की खमंग होतो, दाताखाली चिवट लागतो, आणि खरी चव त्या चिवटपणातच आहे. उकडायचाच असेल तर कुकरला चार-पाच शिट्ट्या द्याव्यात. स्वीटकॉर्न उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं पुरे. जास्त ठेवलं की दाणा फुगतो आणि गोडी पाण्यात जाते.

कणीस घेताना पाला हिरवा आणि ओलसर बघावा, शेंड्याचे केस तपकिरी झालेले पण आत ओले असावेत. एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो आणि परागकण त्यातूनच दाण्यापर्यंत पोचतो. ज्या केसाला पराग मिळत नाही तिथं दाणा भरत नाही, म्हणून मधूनमधून दात पडल्यासारखी कणसं दिसतात. ती खराब नसतात. ओळी मात्र मोजून बघा, जवळजवळ नेहमीच सम भरतात, कारण दाणे जोडीजोडीनं धरतात. दाण्यात नख खुपसलं की दुधासारखा चीक यायला हवा. पाणी आलं तर कणीस कोवळं, काहीच आलं नाही तर जून.

आणि पाला सोलून ठेवू नका. आमच्याकडं कणसं आणली त्याच संध्याकाळी होतात, आणि पाला निघतो तो शेगडी पेटल्यावरच. निखारे नसतील तर गॅसवर जाळी ठेवून, आच मंद करून, फिरवत राहायचं. दाणे तडतडायला लागले की उतरवायचं आणि गरम असतानाच अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून चोळायचं. सोललेला पाला म्हशीच्या दावणीत जातो.