लहान गिटार की घडीची गिटार?

दर डिसेंबरात गोव्याचे कार्यक्रम सुरू व्हायच्या सुमारास मला एकच प्रश्न येत राहतो: "सर, विमानात न्यायला एखादी छोटी गिटार सुचवा ना." विचारणाऱ्याने बहुधा एखादी मिनी, म्हणजे लहान मापाची गिटार, आधीच पसंत केलेली असते. दुकानदाराने तीच "ट्रॅव्हल गिटार" म्हणून दाखवलेली असते. यूट्यूबवरच्या व्हिडिओतही लहान गिटार आणि घडीची गिटार, म्हणजे दुमडणारी किंवा सुटी करता येणारी, एकाच यादीत, एकाखाली एक मांडलेल्या असतात, जणू फरक फक्त किमतीचा. लोक त्या भरवशावर तीस-चाळीस हजार घालवतात, म्हणून हे एकदा नीट लिहायला हवं होतं.

लहान गिटार बहुतेकांनी हातात घेतलेली आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. टेलरची बेबी १९९६ साली आली, जीएस मिनी २०१० साली. मार्टिनची लिटल मार्टिन आहे, यामाहाची जेआर आहे. सगळ्यांचं तत्त्व एकच: गिटार सर्व बाजूंनी आक्रसायची. बॉडी लहान, नेक म्हणजे दांडा आखूड, तार आखूड. गायक एड शीरन भरलेल्या स्टेडियममध्ये लिटल मार्टिन वाजवायचा ते खरं, पण तिथे आवाज पिकअपमधून, म्हणजे गिटारमध्ये बसवलेल्या माइकसारख्या यंत्रातून, जातो. बॉडी केवढी आहे याला त्या मंचावर फारसा अर्थ राहत नाही.

घडीच्या गिटारचे प्रकार पाहू. व्हॉयेज-एअरच्या गिटारला हिलपाशी, म्हणजे नेक बॉडीला मिळते तिथे, बिजागरी असते, नेक बॉडीवर दुमडते आणि तारा तशाच लागलेल्या राहतात. जर्नी आणि क्लॉससारख्या गिटारींची नेक पूर्ण सुटी होते. यामाहाची सायलेंट गिटार या रांगेत चुकून येऊन बसते. तिच्या कडेची चौकट निघते खरी, पण नेक अखंडच असते. म्हणजे ती अरुंद होते, आखूड होत नाही. विमानाच्या दारात प्रश्न लांबीचा असतो, हे लक्षात ठेवा.

आता खरा मुद्दा. गिटार घेताना लोक बॉडीकडे बघतात. बघायला हवी ती नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंतची (बॉडीवरची तार टेकते ती पट्टी) तारेची मोकळी लांबी. तुमच्या घरच्या नेहमीच्या मोठ्या ॲकूस्टिकवर ती साधारण ६४.५ सेंमी असते. बेबी टेलरवर ५७.८, लिटल मार्टिनवर ५८.४, जीएस मिनीवर ५९.७. पाच-सहा सेंमीने काय होतंय, असं वाटेल. पण गिटारवरची प्रत्येक फ्रेट, म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी, याच लांबीच्या प्रमाणात बसवलेली असते. मोठ्या गिटारवर पहिली फ्रेट नटपासून ३६ मिमीवर असते, बेबीवर साडेबत्तीसच्या आसपास. तिसऱ्या फ्रेटपर्यंत जाता जाता फरक एक सेंटिमीटरच्या वर जातो. वर्षानुवर्षं डोळे मिटून जिथे बोट पडायचं, तिथे आता फ्रेटची पट्टी असते.

दुसरा परिणाम ताणाचा, आणि तो कुणी सांगतच नाही. सूर तोच आणि तार तीच ठेवून लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. १२ ते ५३च्या (हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीच्या लाइट सेटचा मोठ्या गिटारवरचा एकूण ताण साधारण ७३ किलो. तोच सेट बेबीवर लावला की ५८ किलोच्या आसपास येतो. तारा लोळतात. जोरात स्ट्रम केलं की खालची ई, म्हणजे सर्वांत जाड तार, फ्रेटवर आपटून खरखरते. बोट जरा जास्त दाबलं तर सूर चढतो, आणि तुम्ही ट्यूनरला दोष देत बसता. टेलर जीएस मिनीला कारखान्यातूनच १३ ते ५६चा जाड सेट लावून पाठवते तो याचसाठी. कुठल्याही मिनीवर दहाचा सेट लावलेला दिसला की मला राहवत नाही, कारण त्यावर ती गिटार सुरात राहणं फार कठीण असतं.

यातलं काही माझ्या शब्दावर मान्य करू नका. घरच्या गिटारच्या सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवा, म्हणजे ई ची डी, ए ची जी, अशा क्रमाने. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. सूर पुन्हा नेहमीच्या जागी आले, तार ५७.५ सेंमी उरली आणि ताणही तेवढाच कमी झाला. हातात आली ती जवळपास बेबी टेलरच, फक्त बॉडी मोठी. आता तुमच्या कार्यक्रमातली दोन गाणी सलग वाजवा. कॅपोजवळ एफच्या आकाराचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धरा, तो सोपा वाटेल. मग वरच्या भागात, बाराव्याच्या पुढे, एखादी सोलोची ओळ घ्या. बोटं एकमेकांवर चढायला लागतील. शेवटी बी तारेवर पूर्ण स्वराचा बेंड घ्या, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवा. तार भसकन वर जाईल आणि तुमच्या कानाने ठरवलेल्या जागेच्या पुढे निघून जाईल. काहींना हे सगळं आवडतं. लहान हातांच्या वादकांना, नव्याने बार कॉर्ड शिकणाऱ्यांना तर ते वरदानच. पण ज्याला रविवारी हॉटेलच्या खोलीत मिनीवर सराव करून सोमवारी मंचावर मोठी गिटार उचलायची आहे, त्याची बोटं दोन मापांच्या मधे अडकतात.

घडीच्या गिटारमध्ये हा प्रश्नच येत नाही. पूर्ण मापाची घेतलीत तर उघडल्यावर तार ६४-६५ सेंमीच असते, फ्रेट जिथल्या तिथे, ताण तेवढाच. कीर्तनकारांची फोल्डिंग पेटी आठवा. घडी केली की ती निम्म्या उंचीची होते, पण उघडल्यावर पट्ट्या त्याच रुंदीच्या, सप्तकही तेवढंच. पेटीवाल्याला आपली बोटं बदलावी लागत नाहीत. घडीच्या गिटारने वादकाशी केलेला करार हाच आहे. म्हणून "फोल्डिंग म्हणजे खेळणं आणि मिनी म्हणजे खरी गिटार" हे वाक्य ऐकलं की मला मनापासून चीड येते. हाताच्या दृष्टीने गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

गोंधळाचा दुसरा अर्धा भाग विमानातला. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांचं हातातल्या बॅगेचं माप ५५ बाय ३५ बाय २५ सेंमी आणि वजन ७ किलो. बेबी टेलरची एकूण लांबी ८६ सेंमीच्या आसपास, जीएस मिनीची ९३. वजनात दोन्ही सहज बसतात, लांबीत एकही बसत नाही. मिनी घेऊन गेलात आणि गेटवरच्या माणसाने सोडलं तर ती त्याची मेहेरबानी, नियम नव्हे. अमेरिकेत २०१२च्या कायद्याने आणि त्यावर २०१५ साली आलेल्या नियमाने वादकाला थोडा आधार दिला: चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल आणि वाद्य त्यात बसत असेल, तर ते नेऊ द्यावं लागतं. तिकडच्या मराठी वादकांनी म्हणूनच चढण्याच्या रांगेत पुढे उभं राहावं. मुंबई-दाबोळी किंवा पुणे-बंगळुरूच्या विमानात तसली हमी धरून चालू नका.

हिशोब असा आहे. ६४-६५ सेंमीची तार अखंड ठेवून गिटार ५५ सेंमीच्या बॅगेत बसणार नाही. कर्णात तिरकी घातली तरी हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागाला, जागा उरत नाही. हेडस्टॉक काढून टाकलेल्या, खुंट्या बॉडीत बसवलेल्या गिटारीही इथेच अडतात. त्या सुबक असतात, मला आवडतात, पण एकसंध असल्याने तारेच्या लांबीपेक्षा आखूड होऊ शकत नाहीत. म्हणजे पूर्ण तार हवी असेल आणि मापातही बसायचं असेल, तर गिटार कुठेतरी मोडावीच लागते.

पण फक्त मोडते म्हणून बसेलच असंही नाही. ड्रेडनॉट, म्हणजे नेहमीच्या मोठ्या ॲकूस्टिकच्या, आकाराची बॉडीच ५१ सेंमी लांब आणि सुमारे ४० सेंमी रुंद असते. नियमातली रुंदी ३५. त्यामुळे पूर्ण ड्रेडनॉट बॉडीची घडीची गिटार काटेकोर मापात बसत नाही, जाहिरात काही म्हणो. ती पाठीवरच्या सॅकसारखी दिसते म्हणून सहसा कुणी अडवत नाही, इतकंच. मोजून बसायला हवी असेल तर लहान बॉडी आणि सुटी होणारी नेक अशी जोडी बघा. चौदाव्या फ्रेटला बॉडी सुरू होणाऱ्या गिटारची नेक हेडस्टॉक धरून त्रेपन्न-चोपन्न सेंमी भरते, म्हणजे पंचावन्नात जेमतेम. जर्नीची २२ बाय १४ बाय ९ इंचाची बॅगही साधारण याच मापाची. मात्र तिथेही तारेची लांबी विचारून घ्या, कारण मापात बसवताना तीही थोडी कमी केलेली असू शकते.

आवाजाबद्दल थोडक्यात. लहान बॉडीत खर्ज कमी, मधला सूर पुढे. पूर्ण बॉडीच्या घडीच्या गिटारचा आवाज साध्या गिटारच्या इतका जवळ येतो की मंचावर कुणाला कळत नाही. रंग, पिकअप, बॅगेचे खिसे या गोष्टी शेवटी बघा. कोकणात पावसाळ्यात फिरणार असाल तर कार्बन फायबरचा विचार करा, दमटपणात ते लाकडासारखं फुगत नाही.

घडीच्या गिटारची खरी कसोटी तिच्या सांध्यात असते. बोल्टने जोडलेल्या नेकचा कोन बदलायचा असेल तर कारागीर सांध्यात कागदाची नाहीतर पातळ लाकडाची चकती सरकवतात. तेवढ्या जाडीने बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची बदलते. हेच न ठरवता झालं तर? हणजुण्याच्या किनाऱ्यावरून आलेला वाळूचा एक कण हिलच्या तोंडावर चिकटला आणि तुम्ही स्क्रू घट्ट आवळला, की तारा वर-खाली होतात आणि त्या कणाचा खड्डा लाकडात उमटतो. जोडण्याआधी दोन्ही तोंडं कोरड्या मऊ कापडाने पुसायची, दर वेळी. बॅगेत एक कापड याच कामासाठी वेगळं ठेवा. गिटार पुसायचं नको, त्याला तेल लागलेलं असतं.

सुराचंही तसंच. घडी केली की तारा पूर्ण सैल पडतात आणि उघडली की पुन्हा ताणल्या जातात. पहिल्या मिनिटात त्या खाली सरकणारच. खालच्या ईपासून वर एकदा लावा, मग प्रत्येक तार बोटाने हलकी ओढून पुन्हा लावा. जाड तारा आधी लावल्या नाहीत तर त्यांच्या ताणाने बारीक तारा परत उतरतात. तारा नटच्या खाचेतून निसटल्या आहेत का, हेही बघा. गाणं सुरू झाल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मिनीला हा उपद्व्याप नाही, बॅगेतून काढली की वाजवली. एवढा एक गुण मी तिला निःसंकोच देतो.

म्हणून माझं मत असं. कोकणकन्येने, मांडवीने, शिवनेरीने किंवा स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला घडीची गिटार लागतच नाही. बर्थच्या वरच्या बाजूला मिनी मजेत झोपते. ट्रेकला, कॉलेजच्या सहलीला, मुलाला पहिली गिटार म्हणून मिनीच घ्या आणि तिच्यावर जाड तारा लावा. ज्याचं पोट कार्यक्रमांवर आहे, ज्याला वरचेवर विमान पकडावं लागतं आणि तिकडे पोचल्यावर तीच गिटार मंचावर वाजवायची आहे, त्याने मिनीकडे बघूच नये. किंमत दुप्पट-तिप्पट असली तरी घडीचीच घ्यावी.

चेक-इनमध्ये टाकायचीच वेळ आली तर तारा थोड्या सैल करा. वर हवेचा दाब कमी होतो म्हणून सैल करायच्या, हे नेहमी सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे. सामानाचा भागही केबिनसारखाच दाबाखाली असतो. धोका आपटण्याचा असतो. तारांचा पूर्ण ताण असताना केस उताणी पडली की हेडस्टॉक नटमागे तडकतं. मागे झुकलेल्या हेडस्टॉकला तो धोका सर्वांत जास्त.

घडीच्या गिटारी इथल्या दुकानांत हातात घेऊन बघायला सहज मिळत नाहीत, म्हणून मिळालीच संधी तर सोडू नका. आधी बाराव्या फ्रेटवर तारेखालची उंची पट्टीने मोजा. गिटार मोडा, बॅगेत घाला, बॅग खांद्यावर घेऊन दुकानात चार पावलं चाला, पुन्हा जोडा आणि मोजा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळतो का, कानाने बघा. मग दुकानदार कंटाळला तरी तिसऱ्यांदा तेच करा. तिन्ही वेळा उंची तीच आली आणि स्क्रू तेवढ्याच जोराने तिथेच थांबला, तरच पैसे द्या.