परसातील मांसल कोंबड्या : उष्ण हवामानासाठी पैदास

घराच्या मागच्या मोकळ्या जागेत फिरून वाढणारी, ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात तग धरणारी आणि १२ ते १४ आठवड्यांत सुमारे दीड किलो भरणारी कोंबडी मिळावी म्हणून केलेली निवड व संकर. ब्रॉयलर ३५ ते ४० दिवसांत दोन किलो होतो, पण त्याला बंद शेड, पंखे आणि मोजून दिलेले खाद्य लागते. परसात सोडला तर पाय आणि हृदय दगा देतात. गावरान कोंबडी काहीही खाऊन जगते, खुडूक बसते, घारीला ओळखते, मात्र किलो-सव्वा किलो व्हायला चार-पाच महिने घेते. या दोहोंमधली जागा भरणारा पक्षी तयार करणे हे या पैदाशीचे काम.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. तुरा, गळ्याखालची लाल कातडी, पाय आणि पंखांखालचा उघडा भाग यांतून उष्णता बाहेर जाते. हवा ३० अंशांच्या आसपास पोचली की तेवढ्याने भागत नाही, मग चोच वासून धापा टाकणे सुरू होते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त अल्कधर्मी होते, अंड्याचे कवच पातळ पडते, भूक मरते. वाढीचा वेग जितका जास्त तितकी शरीरात उष्णता जास्त तयार होते, आणि देह जितका मोठा तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र कमी. म्हणून उष्ण प्रदेशात नुसत्या वजनावर निवड करत गेले की दोन-तीन पिढ्यांत मे महिन्यात मरणारी कोंबडी हाती येते.

उष्मा सगळीकडे सारखा नसतो. विदर्भ-मराठवाड्यातली हवा कोरडी, तिथे ओले गोणपाट आणि छतावर पाचट टाकून मारलेले पाणी खरोखर गारवा देते. कोकणात ३३ अंशांतही कोंबडी हैराण होते, कारण दमट हवेत धापांचे बाष्पीभवन फारसे होत नाही. तिथे गोणपाट भिजवणे म्हणजे दमटपणात भर. तिथे खुराडे उंचावर, चारही बाजूंनी जाळीचे आणि वाऱ्याच्या तोंडाशी हवे.

उपयोगी जनुके. सर्वांत कामाचा तो उघड्या मानेचा जनुक. तो अंशतः प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आला (एकेरी) तर पिसारा २० ते ३० टक्क्यांनी कमी होतो, दोन्हीकडून आला (दुहेरी) तर सुमारे ४० टक्क्यांनी. दोघांतला फरक डोळ्यांनी कळतो: एकेरी पक्ष्याच्या मानेवर पुढच्या बाजूला, अन्नपिशवीच्या वर, पिसांचा एक झुबका राहतो, दुहेरीत तो नसतो किंवा चार-दोन पिसे असतात. पिल्लू कवचातून बाहेर येऊन सुकले की त्याच दिवशी मान उघडी आहे की नाही दिसते, त्यामुळे निवडीसाठी आठवडे थांबावे लागत नाही. पिसे म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, आणि पिसांवरचा खर्च वाचला की त्यातले काही छातीच्या मांसाला मिळते. तोटाही आहे. दुहेरी जनुकाची अंडी उबवताना शेवटच्या दिवसांत मर थोडी जास्त होते, आणि नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबरच्या रात्री हे पक्षी अंग गरम ठेवण्यासाठीच जास्त खातात. जगभर हा पक्षी रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या नावाने ओळखला जातो, पण भारतात केरळात आणि अंदमानातही तो स्थानिक कोंबड्यांत आढळतो. विक्रीत एकच अडचण: बोडकी मान पाहून काही गिऱ्हाइके पक्षी आजारी समजतात.

उलट्या पिसांचा जनुकही अंशतः प्रभावी. पिसे बाहेर वळलेली असल्याने हवा कातडीपर्यंत पोचते. दुहेरी पक्ष्यांची पिसे मात्र तुटून गळतात, म्हणून पैदास एकेरीवरच ठेवावी. (उताऱ्यासाठी अशा कोंबडीला खेड्यात वेगळा भाव मिळतो, हा भाग निराळा.) तिसरा ठेंगणेपणाचा जनुक, तो लिंगनिगडित (लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा) व अप्रभावी (साध्या जनुकापुढे झाकला जाणारा) आहे. ठेंगणी मादी कमी खाते, उष्मा चांगला सोसते, आणि तिला साधा नर दिला की पिले सगळी नेहमीच्या आकाराची होतात. घरगुती कळपात हा जनुक टिकवणे किचकट असल्याने तो मोठ्या केंद्रांनाच परवडतो.

मूळ साठा. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून ‘हितकारी’, उलट्या पिसांपासून ‘उपकारी’, असील या देशी जातीपासून ‘कारी निर्भीक’ आणि कडकनाथपासून ‘कारी श्यामा’ हे संकर तयार केले. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा ‘वनराजा’ मांस व अंडी दोन्हींसाठी, ‘ग्रामप्रिया’ मुख्यतः अंड्यांसाठी. बंगळूरचा ‘गिरिराज’ महाराष्ट्रात बराच पसरला आहे. असील नर चार-पाच किलोंचा होतो आणि छाती भरदार, पण मादी अंडी फार थोडी देते.

इथे नेहमी होणारी चूक सांगणे भाग आहे. वनराजा किंवा गिरिराज हे विक्रीचे संकर आहेत. त्यांचीच अंडी उबवून पुढची पिढी काढली की एक पिल्लू आजीवर जाते, दुसरे आजोबांवर. वजन १४ आठवड्यांना ८०० ग्रॅमपासून दीड किलोपर्यंत काहीही भरते. संकर खायचा किंवा विकायचा. पैदास त्याच्या आई-बापांच्या वाणांची करायची.

दोन वाण. म्हणून नरवाण आणि मादीवाण वेगळे ठेवतात. नरवाण जड, रुंद छातीचा, उघड्या मानेचा व दुहेरी. मादीवाण पूर्ण पिसांचा, मध्यम वजनाचा, अंड्यांना चांगला, म्हणजे निवडलेली गावरान किंवा अंड्यांच्या वाणाशी मिसळलेली. यांच्या मिलनातून प्रत्येक पिल्लू एकेरी उघड्या मानेचे निघते. नर खरोखर दुहेरी आहे का हे तपासायला त्याला पूर्ण पिसांच्या माद्या द्याव्यात. दहापैकी दहा पिले उघड्या मानेची निघाली तर तो एकेरी असण्याची शक्यता हजारात एक उरते. एक जरी पूर्ण पिसांचे निघाले तर नर बाद.

वजन दहाव्या आठवड्याला, पहाटे, दाणे टाकण्याआधी घ्यावे. पक्षी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवला की दोन मिनिटांचे काम. तुलना फक्त एकाच आठवड्यात उबलेल्या पिलांची. जानेवारीचा पक्षी मेच्या पक्ष्यापेक्षा जड भरला तर त्यात त्याची कर्तबगारी नसते, थंडीची असते. पैदाशीचे पक्षी शक्यतो एप्रिल-मेमध्ये वाढलेल्या तुकडीतूनच ठेवावेत. वजनाने वरचा चौथा हिस्सा बाजूला काढून त्यांना दुपारी तीन वाजता पाहावे. पंख अंगापासून दूर धरून, मान लांबवून सर्वांत आधी धापा टाकणारे बाद. छातीचे हाड सरळ, बोटे सरळ, चाल मोकळी हवी. वजनाची आनुवंशिकता चांगली असल्याने दोन-तीन पिढ्यांत फरक दिसतो. अंड्यांची आनुवंशिकता कमी, आणि वजन वाढले की अंडी घटतात. मादीवाणात वजनामागे लागू नये.

लहान कळपाला खरा धोका सगोत्र संकराचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांच्या मिलनाचा. दोन नर आणि वीस माद्यांच्या बंद कळपात सगोत्रता पिढीला सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पाच नर व चाळीस माद्या असतील तर ३ टक्क्यांच्या आत राहते. माद्या वाढवून फार फरक पडत नाही, नर वाढवावे लागतात. साधा उपाय म्हणजे तीन गट करून माद्यांच्या लेकी त्याच गटात ठेवायच्या आणि नर दरवर्षी पुढच्या गटात सरकवायचे: पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. पायात रंगीत कडी घातली नाही तर दुसऱ्या वर्षीच सगळा घोळ होतो.

अंडी व उबवणी. एका नराला आठ ते दहा माद्या. जड नराला आठच. त्याच्या पायांची आरी घासून बोथट करावी, नाहीतर लहान माद्यांच्या पाठी सोलतात. नर बदलला तर लगेच अंडी ठेवू नयेत. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे वीर्य दोन-तीन आठवडे टिकते, तेवढे थांबावे.

उन्हाळ्यातली उबवणी बहुतेक वेळा साठवणुकीत बिघडते. अंडे २० अंशांखाली झोपलेले असते. २७ अंशांवर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि उबवणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतो. १५ ते १८ अंशांत अंडी आठवडाभर टिकतात. फ्रीजमध्ये फार गार होतात. ओल्या वाळूत पुरलेल्या माठात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत, तेही उन्हाळ्यात तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. दिवसातून तीन-चार वेळा गोळा करावीत, धुऊ नयेत.

यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश, पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आर्द्रता, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. संकरित माद्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून एक-दोन गावरान माद्या ठेवाव्यात. एकीखाली दहा-बारा अंडी पुरेत. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरल्यावर लाल कडे दिसले तर बहुधा साठवणीत ऊन लागलेले. काहीच दिसले नाही तर अंडे फोडून बलकावरचा ठिपका पाहावा. लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका म्हणजे फळलेच नव्हते, दोष बहुधा नराचा. मोठा, मध्ये फिकट आणि भोवती गोल कडे असलेला ठिपका म्हणजे फळलेले होते, पण गर्भ आधीच मेला. दोन्हींचे उपाय वेगळे, आणि हे न पाहताच बिचारा नर विकून टाकला जातो.

वाढ. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. विदर्भात एप्रिलमध्ये दुपारी दिवा बंदच ठेवावा लागतो. पाचव्या दिवशी २४ तास ३६ ते ३७ अंशांत ठेवलेली पिले पुढे उन्हाळा जास्त सोसतात. सहा आठवड्यांपर्यंत २० टक्के प्रथिनांचे खाद्य. नंतर मका, कणी, सुकट, अॅझोला (पाण्यावर वाढणारे नेचे). शेंगदाणा पेंड बुरशी आलेली नसावी, अफ्लाटॉक्सिनने (बुरशीच्या विषाने) यकृत जाते. माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. मानमोडीची (राणीखेत) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो या पिलांच्या विषाणूजन्य रोगाची चौदाव्या, लासोटा पुन्हा अठ्ठाविसाव्या, देवीची सहा-सात आठवड्यांना, मानमोडीची आर-टू-बी आठ ते दहा आठवड्यांना. लस बर्फात आणावी आणि उजाडायच्या आत द्यावी.

दाणे पहाटे आणि संध्याकाळी. उष्म्याने मेलेल्या पक्ष्याची अन्नपिशवी भरलेली सापडली तर दुपारी खाऊ घातल्याचे समजावे. पचनाची उष्णता उन्हावर चढते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत. छपरावरच्या काळ्या टाकीचे पाणी दुपारी इतके तापते की पक्षी तोंड लावत नाहीत.

मागणी सर्वांत जास्त आषाढात, गटारीपर्यंत. श्रावण लागला की बाजार बसतो. जुलैच्या अखेरीस १४ आठवड्यांचे पक्षी हवेत तर पिले एप्रिलच्या मध्याला निघायला हवीत आणि अंडी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवायला हवीत. ऐन उन्हाळा पिले लहान असताना जातो, जड होईपर्यंत पाऊस आलेला असतो. अडचण राहते ती मार्चमधल्या अंड्यांच्या साठवणीची.