उद्योग वर्गीकरण संकेतांक आणि सरकारी निविदा

एखादा उद्योग नेमके काय करतो हे सांगणारा पाच अंकी क्रमांक म्हणजे उद्योग वर्गीकरण संकेतांक. बोलण्यात त्याला एनआयसी कोड म्हणतात. उद्यम नोंदणीत, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, 'एनआयसी २००८' हे वर्गीकरण चालते. सरकारी खरेदीतल्या सवलती उद्यम प्रमाणपत्र बघूनच मिळतात, त्यामुळे घाईत निवडलेला कोड टेंडर उघडण्याच्या दिवशी आडवा येतो.

कोड डावीकडून वाचावा. २४३१९ मध्ये २४ म्हणजे मूळ धातूंचे उत्पादन, २४३ ओतकाम, २४३१ लोखंड-पोलादाचे ओतकाम आणि शेवटचा ९ म्हणजे पाइप व फिटिंग सोडून इतर कास्टिंग. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीला हा कोड बसतो. त्याच शेडमध्ये बाहेरच्यांचे मशिनिंग जॉबवर्कने होत असेल, तर २५९२ वर्गही हवा. पंप किंवा व्हॉल्व्ह तयार होऊन बाहेर पडत असेल, तर २८१३. कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्याचा वर्ग १५२०, पण तीच चप्पल दुकानात विकणाऱ्याचा विभाग ४७.

या शेवटच्या फरकावरच बरेच अर्ज अडतात. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायच्या असतात. बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) माफ होते, निविदा अर्ज विनामूल्य मिळतो. आपला दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो सर्वांत कमी दर मान्य करून पुरवठ्यात वाटा घेता येतो. मात्र २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. प्रमाणपत्रावर ४५, ४६ किंवा ४७ (वाहनांचा, घाऊक व किरकोळ व्यापार) एवढेच असेल आणि बयाणा न भरता टेंडर टाकले, तर ते तांत्रिक छाननीतच बाद होते. आपली भट्टी, आपले साचे असूनही केवळ नोंदणी करणाऱ्याने 'घाऊक विक्री' निवडली म्हणून असे व्हावे, ही फार वाईट गोष्ट आहे. ती टाळता येते.

एका पॅनवर एकच उद्यम नोंदणी होते, पण तिच्यात अनेक कोड घालता येतात. दुरुस्ती पोर्टलवर विनामूल्य होते. एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. ही दुरुस्ती निविदेची मुदत संपण्यापूर्वी करून नवे प्रमाणपत्र जोडावे. जीएसटी बिलावरचा एचएसएन वेगळा: लोखंडी कास्टिंगचा ७३२५ हा मालाचा क्रमांक आहे, उद्योगाचा नव्हे. तो एनआयसीच्या रकान्यात लिहू नये.