तरावीह मशिदीत की घरात? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

2020 सालचा रमजान एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला, तेव्हा अनेक देशांतल्या मशिदींना कुलूप होतं. सौदी अरबस्तानने 17 मार्चलाच मक्का आणि मदिनेतल्या दोन मुख्य मशिदी वगळता बाकी सगळीकडची जमात, म्हणजे एकत्र पढायची नमाज, थांबवली होती. जेरुसलेमची अल-अक्सा मार्चच्या अखेरीपासून बंद होती. त्याआधी, मार्चच्या मध्यात, कुवेतमध्ये अजान देणाऱ्या मुअज्जिनांनी अजानमध्ये ‘नमाजकडे या’ऐवजी ‘घरीच नमाज पढा’ अशी हाक दिली आणि ती ध्वनिफीत जगभर फिरली. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, पण शब्द नवे नव्हते. मुसळधार पावसाच्या एका दिवशी पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी आपल्या मुअज्जिनला नेमकी हीच हाक द्यायला लावली होती. लोक चकित झाले, तेव्हा ‘माझ्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी हेच केलं आहे’ असं त्यांनी सांगितलं. त्यांचा रोख पैगंबरांकडे होता.

रोजच्या पाच नमाजांचं ठरल्यावर पुढचा प्रश्न आला तरावीहचा. इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज झाल्यावर रमजानभर रोज रात्री पढली जाणारी ही लांबलचक नमाज. दर चार रकातींनंतर (रकात म्हणजे नमाजचं एक आवर्तन) थोडा विसावा, शेवटी वित्र ही विषम रकातींची नमाज. मशिदी बंद, मग तरावीहचं काय? सौदीचे तेव्हाचे प्रमुख मुफ्ती अब्दुलअजीज आल-शेख यांनी एप्रिलच्या मध्यात सांगून टाकलं की तरावीह घरी पढावी. बाकी देशांतल्या बहुतेक धर्मसंस्थांचंही उत्तर तेच होतं. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक, नमाजवर महिनाभर खल झाला, तरावीहवर फारसा झाला नाही. कारण तरावीह घरी पढता येते का, हा वाद फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, अभ्यासकांनी बाराशे वर्षांपूर्वीच घालून ठेवला होता, आणि त्यात घराची बाजू लंगडी कधीच नव्हती.

सुरुवात मदिनेपासून करू. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की रमजानच्या एका मध्यरात्री पैगंबर मुहम्मद मशिदीत गेले आणि नमाजला उभे राहिले. काही जण त्यांच्या मागे उभे राहिले. सकाळी गोष्ट पसरली, दुसऱ्या रात्री गर्दी वाढली, तिसऱ्या रात्री आणखी. चौथ्या रात्री मशीद अपुरी पडली, पण पैगंबर बाहेर आलेच नाहीत. पहाटेच्या फज्रच्या नमाजला आले तेव्हा म्हणाले, तुम्ही जमलात हे मला ठाऊक होतं, पण ही नमाज तुमच्यावर फर्ज (सक्तीची) होऊन बसेल आणि मग तुम्हाला झेपणार नाही, अशी भीती वाटली.

अशाच प्रसंगाचं पैगंबरांचे सहकारी झैद बिन साबित यांनी केलेलं वर्णन अधिक ठसठशीत आहे. पैगंबरांनी मशिदीत चटईचा आडोसा करून छोटी जागा घेतली होती आणि रात्री ते तिथे नमाज पढत. लोक जमू लागले. एका रात्री ते बाहेर आले नाहीत, तेव्हा कुणी खाकरलं, कुणी आवाज चढवला, काहींनी तर दारावर बारीक खडे मारले. पैगंबर रागावून बाहेर आले आणि म्हणाले, लोकहो, आपापल्या घरी नमाज पढा. फर्ज सोडली तर माणसाची उत्तम नमाज ती, जी तो घरात पढतो. 2020 साली घरी तरावीह पढण्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, त्यात ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, हमखास असायची. ती रमजानच्या रात्रीच्या नमाजवरूनच सांगितली गेली, हे मात्र अनेकांनी लक्षात घेतलं नाही.

632 मध्ये पैगंबरांचं निधन झालं. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या खिलाफतीत आणि दुसरे खलिफा उमर यांच्या सुरुवातीच्या काळात ज्याला जसं जमेल तसं चाललं होतं. मग हिजरी 14 च्या सुमारास, म्हणजे साधारण 635 मध्ये, उमर एका रात्री मशिदीत आले. कुणी एकटा पढतोय, कुणाच्या मागे चारसहा जण उभे, सगळीकडे वेगवेगळे आवाज. त्यांनी सगळ्यांना उबय बिन काब यांच्या मागे एका जमातीत आणलं. पुढे एका रात्री ती शिस्तबद्ध रांग बघून ते म्हणाले, ‘किती छान बिदअत आहे ही!’ (बिदअत म्हणजे धर्मात नव्याने आलेली गोष्ट.) हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याला जोडूनच ते म्हणाले होते की ज्या वेळी हे लोक झोपतात, ती वेळ या वेळेपेक्षा चांगली, म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर. ते मात्र सहसा कुणी सांगत नाही. शिवाय हा सगळा वृत्तान्त सांगणारे अब्दुर्रहमान बिन अब्द त्या रात्री उमर यांच्याबरोबर मशिदीत आले होते आणि जमात आधीच सुरू होती. यावरून काही अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की जमात घालून देणारे उमर स्वतः त्या जमातीत रोज उभे राहत नसावेत.

त्यांचे चिरंजीव अब्दुल्लाह बिन उमर तर रोखठोक होते. रमजानमध्ये इमामामागे उभा राहू का, असं एकाने विचारलं. त्यांनी उलट विचारलं, कुरआन येतं तुला? हो म्हटल्यावर म्हणाले, मग गाढवासारखा गप्प उभा राहणार आहेस का? घरी पढ.

या दोन टोकांवरून पुढे मजहबांमध्ये, म्हणजे फिक्हच्या पंथांमध्ये, मतं विभागली. मदिनेच्या इमाम मालिक यांचा कल स्पष्ट होता: ज्याच्यात ताकद आहे त्याने घरी पढावी. पुढच्या मालिकी अभ्यासकांनी त्याला एक अट जोडली की सगळेच घरी बसून मशिदी ओस पडू नयेत. इमाम शाफई यांचंही एक वाक्य एकट्याने पढण्याच्या बाजूने आहे. त्यांच्या नंतरच्या अनुयायांनी मात्र बहुतांशी जमातीला झुकतं माप दिलं. अहमद बिन हंबल जमातीच्या बाजूचे. त्यांचा आधार अबू झर यांची हदीस: इमाम नमाज संपवेपर्यंत जो त्याच्यासोबत उभा राहतो, त्याच्या खात्यावर अख्ख्या रात्रीची इबादत लिहिली जाते. शिया परंपरेत रमजानच्या रात्रीच्या नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, नमाज जमातीने पढतच नाहीत, त्यामुळे तिथे मशीद बंद झाल्याने या नमाजपुरता प्रश्न आलाच नाही.

इमाम अबू हनीफा यांच्या अनुयायांची, म्हणजे हनफींची, मांडणी मला सगळ्यांत व्यवहारी वाटते. तरावीह प्रत्येकावर सुन्नत (पैगंबरांचा पाळावा असा प्रघात), पण मशिदीतली तिची जमात सुन्नते किफाया. म्हणजे वस्तीतल्या काहींनी मशिदीत जमात केली की बाकीच्यांवर ठपका नाही. कुणीच केली नाही तर सगळ्यांवर. 2020 मध्ये अनेक ठिकाणी इमाम, मुअज्जिन आणि दोनतीन सेवक एवढेच आत राहिले आणि दार बाहेरून बंद राहिलं, त्यामागे हाच हिशेब होता. मक्का-मदिनेतही लोकांना प्रवेश नव्हता. कर्मचाऱ्यांच्या जमातीने तरावीह झाली आणि वीसऐवजी दहा रकात पढल्या गेल्या. पाकिस्तानने वेगळी वाट धरली. 18 एप्रिलला सरकार आणि उलेमा यांच्यात वीस कलमी समझोता झाला आणि अंतर राखून मशिदी उघड्या ठेवल्या गेल्या.

रकातींच्या संख्येचा वाद, आठ की वीस, मी इथे उकरून काढत नाही. एवढंच सांगतो की मदिनेत एके काळी छत्तीस पढत. मक्केचे लोक दर चार रकातींनंतरच्या विसाव्यात काबाची प्रदक्षिणा करायचे. मदिनेत काबा नाही, म्हणून तिथल्यांनी प्रत्येक प्रदक्षिणेच्या जागी चार रकात वाढवल्या, असं कारण दिलं जातं. जागा बदलली की नमाजचा आकारही बदलतो, याचं हे जुनं उदाहरण.

मशिदी बंद पडण्याचे प्रसंगही इतिहासात आहेत. हिजरी 448 मध्ये, म्हणजे 1056-57 च्या सुमारास, स्पेनमधल्या कुर्तुब्यात (कॉर्डोबा) असा दुष्काळ आणि अशी साथ आली की मशिदी नमाजींविना बंद राहिल्या, असं इतिहासकार झहबी नोंदवतो. त्या वर्षाला ‘मोठ्या भुकेचं वर्ष’ म्हटलं गेलं. 1430 च्या काहिऱ्यातली साथ इब्न हजर अस्कलानी यांनी डोळ्यांनी पाहिली. प्लेगमध्ये त्यांच्या तीन मुली गेल्या होत्या. लोक सामूहिक दुआसाठी शहराबाहेर जमले आणि परतल्यावर मृत्यू कमी होण्याऐवजी कैक पटींनी वाढले, हे त्यांनी आपल्या प्लेगवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं. हे पान 2020 मध्ये पुन्हा पुन्हा उद्धृत झालं. सत्तेने मशिदी बंद केल्या ते वेगळं. स्पेनमध्ये सक्तीच्या धर्मांतरानंतर 1504 मध्ये एक फतवा आला, जो ओरानचा फतवा म्हणून ओळखला जातो: लपून नमाज पढा, दिवसाची रात्री पढा, तेही जमत नसेल तर नुसत्या खुणेने पढा. अल्बानियात 1967 पासून 1990 पर्यंत सगळ्या मशिदी बंद होत्या. तिथे घरी पढतानाही पडदे ओढून घ्यावे लागत. त्या मानाने 2020 चा रमजान सोपाच म्हणायचा.

मग घरी अडचण कशाची आली? हाफिजची, म्हणजे अख्खं कुरआन पाठ असणाऱ्याची. मशिदीतल्या तरावीहचा जीव म्हणजे महिन्याभरात अखंड कुरआन कानांवर पडणं. या वाचनाची आखणीही जुनी आहे. मध्य आशियातल्या बुखाराच्या उलेमांनी कुरआनचे 540 रुकू, म्हणजे वाचनाचे तुकडे, पाडले, कारण वीस रकातींच्या हिशेबाने रोज वीस रुकू झाले तर सत्ताविसाव्या रात्री खत्म होतो (वाचन पूर्ण होतं), असं हनफी ग्रंथांत सांगितलेलं आहे. छापील कुरआनच्या समासात दिसणारं ‘ऐन’ हे अक्षर त्या रुकूचीच खूण. घरात हाफिज असेल तर ठीक, पण किती घरांत असतो?

त्यावर दोन तोडगे होते, दोन्ही जुने. पहिला ‘अलम तर’ची तरावीह: सूरा फीलपासून सूरा नासपर्यंतच्या दहा छोट्या सूरा (कुरआनचे अध्याय) दोनदा पढल्या की वीस रकात पुऱ्या. दुसरा तोडगा कुरआन हातात धरून पढण्याचा. हजरत आयेशांचा गुलाम झकवान मुसहफमध्ये, म्हणजे कुरआनच्या प्रतीत, बघून त्यांची इमामत करायचा, अशी नोंद बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. शाफई आणि हंबली तिच्या आधारे परवानगी देतात. इमाम अबू हनीफा मात्र म्हणतात की याने नमाजच तुटते. त्यामुळे त्या वर्षी मोबाइलच्या पडद्यावर बघून पढणाऱ्याची नमाज एका घरात ग्राह्य होती, शेजारच्या घरात नव्हती.

स्त्रियांच्या बाजूनेही प्रश्न आले. घरातला पुरुष पुढे, बायका-मुली मागे, हे सर्वमान्य. पण घरात फक्त बायकाच असतील तर? आयेशा आणि उम्मे सलमा यांनी रांगेच्या मध्ये उभं राहून स्त्रियांची इमामत केल्याच्या नोंदी आहेत. शाफई-हंबली ते मानतात, हनफी स्त्रियांची वेगळी जमात मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवतात.

सगळ्यांत नवा वाटणारा प्रश्न होता ऑनलाइन इमामाचा. तोही पूर्ण नवा नव्हता. मोरोक्कोचे अहमद बिन सिद्दीक अल-गुमारी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात रेडिओवरच्या इमामामागे घरी जुमा पढणं वैध ठरवणारी पुस्तिका लिहिली होती. 2020 मध्ये काहींनी ती बाहेर काढली, पण बहुतेक फतवा संस्थांनी नकारच दिला: इमाम आणि मुक्तदी, म्हणजे त्याच्या मागे पढणारे, एका जागेत, रांगा एकमेकींना लागून, ही जमातीची अटच आहे. तरावीहला त्या तोडग्याची गरजही नव्हती, कारण ती एकट्यानेही होते. जुमा तसा होत नाही; घरी बसलेल्याने त्याच्या जागी दुपारच्या जुहरच्या चार रकात पढायच्या.

मक्का वगळता सौदीतल्या मशिदी 31 मे 2020 रोजी उघडल्या. त्याच दिवशी अल-अक्साही. ईद होऊन आठवडा लोटला होता.